हळदीच्या पंजाखालची टेप

मी मूळचा उमरीचा आणि डोक्याने तापट. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी एका बाईचं भरपूर कौतुक करणार आहे, आणि वाचणाऱ्याला वाटू नये की हा माणूस ऊठसूट कोणालाही डोक्यावर घेतो. माझ्या तोंडून चांगलं निघायला फार वेळ लागतो, असं माझ्या घरचेही सांगतील. नांदेडला आयटीआय केलं, मग हैदराबादेला विमानांच्या वर्कशॉपात बरीच वर्षं घासली आणि शेवटी घराजवळ हवं म्हणून लातूरच्या बाहेरच्या एका लहान विमान-शाळेत मेकॅनिक म्हणून येऊन टेकलो. या शाळेत पोरं-पोरी विमान चालवायला शिकतात. शाळेचं नाव सांगत नाही. सांगून काय उपयोग, आता तिथे कोणीच जुनं उरलेलं नाही.

शाळेकडे तीन विमानं होती. त्यातलं एक इंजिन उतरवून पडलेलं, दुसरं सुट्या भागांची वाट बघत उभं, म्हणजे उडणारं असं एकच. तेही म्हातारं. मी त्याला शिव्या घालायचो आणि रोज पुसायचोही.

आमच्या धंद्यात दोन पायऱ्या असतात. पाने फिरवायचे आम्ही, आणि तपासून सही करायची इंजिनिअरने. ती सही झाल्याशिवाय विमान शेडबाहेर जात नाही. आमच्या इंजिनिअर मॅडम उदगीरच्या. घरचा डाळीचा व्यापार, माणसं शिवभक्त, घरात अर्धं कानडी अर्धं मराठी. वयाने माझ्यापेक्षा खूप लहान. मला सगळे मामा म्हणायचे, त्याही मामाच म्हणायच्या. शेडमध्ये अंगावर काही लोंबतं ठेवायचं नाही असा नियम, म्हणून त्या आल्या आल्या बांगड्या-मंगळसूत्र काढून जेवणाच्या डब्यात ठेवायच्या. गळ्यातलं इष्टलिंग तेवढं कापडात घट्ट गुंडाळून शर्टाच्या आत. मी एकदा चिडवलं, "मॅडम, देवाला नियम लागू नाही का?" तर म्हणाल्या, "मामा, देव आत बसलाय, वरून बटणं लावून. तुमच्या खिशातला तंबाखूचा डबा आधी बाहेर काढा." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जपून बोलायला लागलो.

त्यांची तपासायची एक रीत होती. नुसतं बघायच्या नाहीत. प्रत्येक जागेला हात लावायच्या. पंखाची कड, चाकाची नळी, पत्र्यावरची प्रत्येक जोड, सगळीकडे बोटं फिरायची. "डोळ्याला सवय झाली की डोळा बघायचं सोडून देतो, मामा," असं म्हणायच्या. तपासून झाल्यावर त्यांची बोटं काळी, तेलकट झालेली असायची. मी बरेच इंजिनिअर पाहिलेत. काही खुर्चीतून सही करणारे, काही चहा पिता पिता सही करणारे. अशी बाई मी पाहिली नव्हती, हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही, पण मनात होतं.

शिकणाऱ्यांत हदगावची एक पोरगी होती. बाप एसटीत कंडक्टर. पोरगी रेडिओवर फाडफाड इंग्रजी बोलायची आणि शेडमध्ये आली की पक्की हदगावची. "मामा, मशीन कवा देऊन राहिलाव?" असं दारातूनच ओरडायची. हुशार होती, आणि घाबरट अजिबात नव्हती. तिचं एकच मोठं उड्डाण उरलं होतं. एकटीने लातूरहून नांदेडला जायचं, तिथे उतरायचं आणि परत यायचं. ते झालं की पुढच्या लायसन्सची वाट मोकळी. मालकाने त्यासाठी दसऱ्याचाच दिवस धरला.

मालक लातूरचे, डाळमिलवाले. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा सोहळा करायची हौस. दसऱ्याला आपल्याकडे गाड्या धुतात, ट्रॅक्टर धुतात, झेंडूचे हार घालतात. मालक म्हणाले, विमानाचीही पूजा करू, मोबाइलवर बातम्या टाकणारी पोरं बोलावू, आणि पूजा झाली की त्याच मुहूर्तावर पोरगी नांदेडला उडेल. तिकडे नांदेडला तिचे वडील, आत्या, चुलते सगळे विमानतळाबाहेर येऊन थांबणार होते. पोरीने शर्टाच्या खिशात आपट्याची पानं घेतली होती. नांदेडला उतरून बापाच्या हातात सोनं द्यायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. मला म्हणाली, "मामा, आमच्या खानदानात असं सोनं कुणी दिलं नसंल."

आता यातली खोच समजायला एक गोष्ट सांगावी लागेल. या विमानाच्या डाव्या अंगाला, दरवाज्याच्या थोडं पुढे, मुगाच्या दाण्याएवढं एक भोक होतं. बाहेरच्या हवेचा दाब त्या भोकातून आत जायचा आणि त्यावर पायलटसमोरचे तीन काटे चालायचे. एक उंचीचा, एक वेगाचा, एक चढतोय का उतरतोय ते सांगणारा. ते भोक बुजलं की तिन्ही काटे खोटं बोलायला लागतात. म्हणून विमान धुताना त्यावर टेप लावायची, पाणी जाऊ नये म्हणून, आणि धुऊन झालं की आठवणीने काढायची. ही टेप लाल असते आणि तिला हातभर लाल फीत लोंबत असते, म्हणजे आंधळ्यालाही दिसावी.

लाल टेप संपली होती. मागवलेली आली नव्हती. दसऱ्याच्या सकाळी मी दुसऱ्या बाजूला चाकाचं बघत होतो आणि मॅडमनी स्वतः त्या भोकावर साधी चंदेरी टेप लावली. विमानाचा पत्राही तिथे चंदेरीच. मला हाक मारून म्हणाल्या, "मामा, चंदेरी लावलीय. मी लावली, मीच काढीन, तुम्ही हात लावू नका." हे बरोबरच होतं. ज्याने लावली त्यानेच काढायची, म्हणजे गोंधळ होत नाही.

विमान धुऊन झालं. टेप काढायच्या आतच बाहेर गाड्या वाजल्या. मालकाच्या आईला, सगळे तिला अम्मा म्हणायचे, यायला उशीर झाला होता आणि पूजा तिच्याशिवाय होणार नव्हती. नांदेडला मोठं प्रवासी विमान यायच्या आत आमच्या पोरीला तिथे उतरायची परवानगी होती, ती वेळ सरकत चाललेली. तिकडे दसऱ्याच्या मिरवणुकीने रस्ते तुंबलेले, तिचे वडील पहाटेपासून उभे. आणि दुपारनंतर ढग येतील असं शिकवणारे कॅप्टन सांगून राहिले होते. कॅप्टन म्हणजे फौजेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस, पण त्या दिवशी तेही सारखे घड्याळ बघत होते.

मालक मॅडमच्या मागे लागले. "मॅडम, आटपा की. पूजा आता, तपासणी नंतर. अम्मा उन्हात उभी हाय."

पूजा सुरू झाली. पूजेला बोलावलेल्या स्वामींनी विमानाच्या नाकावर विभूतीचे पट्टे ओढले, हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मग मालकाची आई पुढे आली. वय झालेली, वाकलेली बाई. म्हणाली, "लेकरू एकटंच उडून राहिलंय, मला हात लावू द्या मशिनीला." तिने ताटातल्या ओल्या हळदीत पंजा बुडवला आणि हात पोहोचेल तिथे, विमानाच्या डाव्या अंगाला, दाबून उमटवला. वर कुंकवाचं बोट लावलं. पिवळाधमक पंजा छान उठला. सगळ्यांनी हात जोडले, पोरीनेही जोडले. मीही जोडले. तो पंजा नेमका त्या चंदेरी टेपवर बसलाय, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग तपासणी. आता जे सांगतो ते मॅडमनीच नंतर चौकशीत सांगितलं, जसंच्या तसं. त्या नाकापासून सुरू झाल्या, हात लावत लावत डाव्या अंगाला आल्या. पंजा दिसला. टेप खाली आहे हे त्यांना त्या क्षणी माहीत होतं. हात वर गेलासुद्धा. पण पूजेची हळद अशी लगेच खरवडायची, तीही म्हातारीच्या डोळ्यांदेखत, हे त्यांच्याने झालं नाही. आपल्याकडे पूजेचं पुसत नाहीत, आपोआप जाईल तेव्हा जाईल. त्यांना वाटलं, अम्मा जरा सावलीत जाऊ दे, मग हळूच काढते. तेवढ्यात मालकाने हाक मारली, "मॅडम, फोटो!" मॅडम फोटोला गेल्या. दोन्ही बाजूंनी फोटो झाले, पोरीसोबत झाले, स्वामींसोबत झाले. परत आल्या त्या पंखापासून पुढे सुरू झाल्या. मधली जागा मनातल्या मनात झालेली होती.

पोरीनेही स्वतःची फेरी मारली. तिनेही पंजाला लांबून नमस्कार केला आणि पुढे गेली. तिचा मोबाइल तिने माझ्या खिशात टाकला, एकट्याने उडताना ती तो जवळ ठेवत नसे. "पप्पाचा फोन आला तर सांगा, निघाली म्हणून." मॅडमनी सही केली. विमान धावपट्टीकडे गेलं, वळलं, पळालं आणि उठलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालकाची आई ताट घेऊन प्रसाद वाटत होती. मॅडमनी उजवा हात पुढे केला. पेढा तळहातावर पडला आणि मॅडम आपल्याच बोटांकडे बघत राहिल्या. मी शेजारीच होतो. बोटं तेलाने काळी झालेली होती, पण पिवळी नव्हती. एका बोटालाही हळद नव्हती. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं बाईंना चक्कर येतेय. "मामा, टेप," एवढंच म्हणाल्या आणि रेडिओच्या खोलीकडे पळत सुटल्या. पेढा खाली पडला. मी त्यांच्या मागे, आणि काय झालं ते न कळता मालक माझ्या मागे.

खोलीत कॅप्टन माइक धरून उभे होते आणि पोरीचा आवाज येत होता. विमान उठल्या उठल्या तिचा वेगाचा काटा खाली घसरायला लागला होता. जसजशी वर जाईल तसतसा आणखी खाली. आणि वेग कमी होतोय म्हटल्यावर शिकवणारा माणूस पहिलं काय सांगतो? नाक खाली घाल, वेग घे, नाहीतर विमान पडेल. जगातला कुठलाही शिकवणारा हेच सांगेल. कॅप्टनने तेच सांगितलं. खिडकीतून आम्हाला दिसलं, शेताच्या वर एवढ्याशा उंचीवर असलेलं विमान खाली झुकलं. खरं तर तिचा वेग चांगला होता. खोटं काटा बोलत होता, आणि त्या खोट्यावर विश्वास ठेवून ती पोरगी जमिनीकडे निघाली होती.

मॅडमनी कॅप्टनच्या हातातून माइक ओढूनच घेतला. मालकाला तोवर उमगलं असावं, कारण त्यांनी मॅडमच्या मनगटावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मॅडम, टेप-बीप काही बोलू नका. सगळं रेकॉर्ड होतंय, नांदेडचा टॉवर ऐकतोय. नुसतं परत ये म्हणा."

नुसतं परत ये म्हटलं असतं तर? तर ती काट्यांकडे बघतच परत आली असती आणि कुठल्या तरी शेतात गेली असती. मॅडमनी मालकाकडे बघितलंसुद्धा नाही. मनगट सोडवलं, बटण दाबलं आणि सरळ मराठीत बोलल्या. ते शब्द मला पाठ आहेत.

"बाळा, मॅडम बोलतेय. नाक वर घे, आत्ता. तुझा वेग चांगला आहे, काटा खोटा आहे. हवेच्या भोकावर टेप राहिलीय. ती मी लावली होती आणि मी काढली नाही. चूक माझी आहे. वेग, उंची आणि चढ-उतार, हे तिन्ही काटे बघायचे नाहीत. इंजिनचे काटे खरे आहेत."

विमान सरळ झालं. मग रेडिओवर पोरीचा आवाज आला, जरा थरथरता, पण हदगावचा.

"हाव मॅडम. मला वाटलंच कायतरी हाय. मशीन म्हनून राहिलंय की मी जमिनीवर उभीच हाय."

मी तापट माणूस, मला रडू-बिडू येत नाही. पण ते ऐकून मला खिडकीकडे तोंड करावं लागलं.

मोठ्या विमानांत अशा वेळी दुसरी सोय असते, आमच्या म्हाताऱ्यात नव्हती. त्यामुळे आता काटे न बघता उतरायचं होतं, एकटीने, पहिल्यांदाच. कॅप्टन आणि मॅडम आळीपाळीने बोलत राहिले. क्षितिज कुठे धरायचं, नाक कुठे ठेवायचं ते कॅप्टन सांगायचे. मॅडम इंजिन किती ठेवायचं ते सांगायच्या, कारण त्या इंजिनचा आवाज त्यांच्याइतका कोणी ऐकलेला नव्हता. "आता थोडं कमी कर. अजून थोडं. बस, असंच राहू दे." मधेच पोरीने विचारलं, "मॅडम, ऊस किती मोठा दिसला म्हंजे मी बरोबर उंचीवर?" मॅडम म्हणाल्या, "पानं वेगळी दिसायला लागली की तू खाली आलीस." पहिल्या वेळी ती फार उंचावरून आली आणि तिने स्वतःच ओळखून परत वर घेतलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "छान केलंस. घाई नाही. पेट्रोल भरपूर आहे, मी स्वतः मोजलंय."

दुसऱ्या फेरीला ती आली. चाकं टेकली, एकदा उडी मारली, पुन्हा टेकली, आणि विमान धावपट्टीवर पळत जाऊन थांबलं. कॅप्टन खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांत तोंड धरून म्हणाले, "मी तिला नाक खाली घाल म्हणालो होतो." मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला जे दिसलं त्यावर तुम्ही बरोबरच बोललात, सर. तुम्हाला ते चुकीचं दिसलं ते माझ्यामुळे."

आम्ही विमानाकडे धावलो. मालक पुढे होते. पोरगी उतरली, मॅडमच्या गळ्यात पडली, आणि मालकाने तेवढ्यात विमानाच्या डाव्या अंगाला नख लावायला हात पुढे केला. मॅडम पोरीला सोडून त्यांच्या आणि विमानाच्या मधे जाऊन उभ्या राहिल्या.

"हात लावू नका. चौकशीवाले येईपर्यंत ती टेप अशीच राहील. वरची हळदसुद्धा."

मालक चिडले. "अहो, कोणाला कळतंय? लेकरू सुखरूप आलं, देवाने वाचवलं. आता काढून टाका अन् विषय संपवा. तुमच्या लायसन्सचा सवाल हाय, माझ्या शाळेचा हाय."

"आज मिटवलं तर पुढच्या दसऱ्याला कोणीतरी परत चंदेरीच लावील," मॅडम म्हणाल्या.

मी मधे पडलो. मी म्हणालो, घाई तुम्ही केली मालक, फोटोला तुम्ही ओढलं, पूजा आधी तुम्ही म्हणालात, लाल टेप तुमच्या ऑफिसने वेळेवर मागवली नाही. माझा पारा चढला की मी कोणाचं ऐकत नाही. पण मॅडमनी मलाच गप्प केलं. "मामा, ते सगळं सांगायचंच आहे चौकशीत. पण सही कोणाची आहे?" मी मागे सरकलो. मी त्यांच्या बाजूने बोललो याचा मला राग आला होता की त्यांनी ते बोलू दिलं नाही याचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेवढ्यात माझ्या खिशात पोरीचा मोबाइल वाजायला लागला. वर लिहिलेलं, पप्पा. नांदेडहून.

मी उचलला. पलीकडून आनंदाने आवाज आला, "मामा, निघाली का वो पोरगी? आम्ही समदे फाटकापाशी थांबून राहिलाव. तिच्या आत्यानं ओवाळायला ताट आणलंय." पोरीने हात पुढे केला, पण मॅडम म्हणाल्या, "आधी मी बोलते. हे मीच सांगायला पाहिजे." आणि त्यांनी त्या माणसाला सगळं सांगितलं. तुमची मुलगी सुखरूप आहे, माझ्यासमोर उभी आहे, हे आधी. मग टेप, मग चूक. एक शब्द कमी केला नाही.

मग तो माणूस बोलायला लागला, आणि फोन कानाला असूनही आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "तुमची पूजा झाली, तुमचे फोटू झाले, अन् जीव माझ्या लेकराचा जाऊन राहिला होता. शिकलेली मानसं ना तुम्ही? मी एसटीत साधी घंटी वाजवायच्या आधी मागं वळून बघतो, कुणी लोंबतंय का म्हनून." त्याने खूप काही सुनावलं. मॅडम मधे मधे "हो" म्हणत होत्या, "बरोबर आहे तुमचं" म्हणत होत्या. शेवटी तो म्हणाला, "तुमचा हात परत माझ्या पोरीच्या मशीनला लागला नाही पायजे."

"नाही लागणार," मॅडम म्हणाल्या आणि फोन पोरीच्या हातात दिला.

चौकशी झाली. मॅडमनी तिथेही तेच सांगितलं जे रेडिओवर सांगितलं होतं. त्यांचं सही करायचं लायसन्स काही काळासाठी थांबवलं. शाळेलाही ताकीद मिळाली, पूजा-समारंभाच्या दिवशी उड्डाण बंद, फीत नसलेली टेप शेडमध्ये ठेवायचीच नाही, असे नियम आले. मालक मॅडमशी बोलेनासे झाले. मला वाटलं, आता या उदगीरला जातील आणि दुकानावर बसतील. पण त्या रोज यायच्या. सही करायची नाही, विमानाला हात लावायचा नाही, तरी यायच्या आणि नवीन पोरांना ती टेप कशी राहिली ते सांगायच्या. स्वतःची चूक फळ्यावर काढून शिकवायच्या, चित्रासकट, हळदीच्या पंजासकट. शिकणारी पोरं आधी हसायची, मग गप्प व्हायची. मी मागे उभा राहून ऐकायचो. खरं सांगतो, आपल्या अब्रूचं असं जाहीर धुणं धुवायला जी छाती लागते ती माझ्यात नाही, आणि मी आजवर भेटलेल्या कुठल्या साहेबातही नव्हती.

परतीच्या पावसाचे ढग सरले आणि पोरीच्या नांदेडच्या उड्डाणाची परवानगी पुन्हा आली. या वेळी हार नव्हते, फोटोवाले नव्हते. नवीन इंजिनिअर आले होते, त्यांनी तपासून सही केली. मॅडम शेडच्या दारात आखलेल्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभ्या होत्या, हात मागे बांधून. शब्द दिलेला होता ना.

पोरगी स्वतःच्या फेरीला निघाली. एरवी ही फेरी मनातल्या मनात करायची असते. तिने ती मोठ्याने केली. प्रत्येक जागी हात ठेवायची आणि मॅडमकडे बघून सांगायची. पंखाची कड ठीक. चाक ठीक. डाव्या अंगाला आली, बोट त्या भोकावर फिरवलं, आणि म्हणाली, "मोकळं हाय, मॅडम." मॅडमनी मान हलवली. फेरी पूर्ण झाल्यावरच ती चढली. विमान गेलं. मी कामाला लागलो असं दाखवलं, पण माझ्या हातून एक बोल्ट बसेना.

मॅडम पिवळ्या पट्टीवरून हलल्या नाहीत. चहा आणून दिला तर तो तसाच गार झाला. कॅप्टन रेडिओच्या खोलीतून ओरडले, "नांदेडला उतरली, व्यवस्थित." आम्ही सगळे सुटलो. मॅडम नुसत्या "बरं" म्हणाल्या.

मग त्यांचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. शेडमध्ये पंखा घरघरत होता म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"मॅडम, मी हदगावहून, पोरीचा बाप बोलतो. म्हंजे आता नांदेडात हाय. पोरगी आली. माझ्या म्होरं उभी हाय." मग म्हणाला, "पयला फोन तुम्हालाच लावला. तिच्या मायला अजून सांगितलं न्हाई."

मॅडम तशाच शेडच्या फरशीवर खाली बसल्या, फोन दोन्ही हातांत धरून, आणि पहिल्यांदा रडल्या.